आधी टोनआर्म बघा, मग कार्ट्रिज घ्या : परवडणाऱ्या टर्नटेबलसाठी निवड, बसवणी आणि जुळणी

एलपी ३३⅓ च्या गतीनं फिरत असते तेव्हा रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते. तीच सुई बाजू संपता संपता लेबलजवळ पोचते तेव्हा हा वेग २१ सेंटिमीटरवर आलेला असतो. फेऱ्यांची गती तीच, पण घेर लहान झालेला. त्यामुळे १० किलोहर्ट्झचं एक कंपन बाहेर ५१ मायक्रॉन लांबीत कोरलेलं असतं आणि आत अवघ्या २१ मायक्रॉनमध्ये. साध्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. एवढं जाड टोक त्या बारीक वळणांत नीट शिरत नाही, वरच्या वर घसरत जातं, आणि गाण्यातले ‘स’, ‘श’, ‘च’ फाटल्यासारखे ऐकू येतात.

‘पहिलं गाणं छान वाजतं, शेवटचं चिरकतं’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. तिची कारणं दोन : सुईच्या टोकाचा आकार आणि कार्ट्रिजची, म्हणजे सुई धरणाऱ्या छोट्या डबीची, जुळणी. म्हणून स्वस्त किंवा मध्यम टर्नटेबल असेल तर पैसे टोकाच्या आकारावर घालावेत, वेळ जुळणीला द्यावा आणि कार्ट्रिजच्या नावाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न आहे : तुमचा टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, काय काय स्वीकारू शकतो?

टोनआर्मचे तीन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे मागे फिरवता येणारं वजन नसलेला, रेकॉर्डवर सुईचा दाब आधीच ठरलेला आर्म. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्ससारखी स्वयंचलित यंत्रं या वर्गात येतात. इथे कार्ट्रिज बदलायच्या फंदात पडू नका. असा आर्म एटी३६०० जातीच्या कार्ट्रिजसाठी ३ ग्रॅमच्या आसपास दाब देतो. त्यावर दीड-दोन ग्रॅमसाठी बनवलेली नाजूक सुई लावली, तर कॅन्टिलिव्हरला, म्हणजे सुईचं टोक जिच्या शेवटी असतं त्या नळीला, धरून ठेवणारं रबर दबून कायमचं बसतं आणि कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला घासू लागतं. या यंत्रात करण्याजोगी सुधारणा एकच : वेळेवर नवी सुई. त्याच बॉडीला बसणारी एलिप्टिकल टोकाची सुई मिळाली तर आणखी चांगलं, पण तिचा दाब ३ ग्रॅमला चालतो का हे तिच्या माहितीपत्रकात आधी बघा.

दुसरा प्रकार एस आकाराच्या आर्मचा. पुढे कार्ट्रिज बसवायचं हेडशेल निघतं, मागे काउंटरवेट म्हणजे समतोल साधणारं वजन, बाजूला अँटी-स्केटची (आर्मला बाहेर खेचणारी) चकती, आणि बऱ्याचदा उंची बदलायची सोयही असते. टेक्निक्स एसएल-१२०० च्या वळणावर बनलेली सगळी यंत्रं अशीच. मध्यम वजनाचे हे आर्म सगळ्यात सोशीक. दोन हेडशेलमध्ये दोन वेगळी कार्ट्रिज बसवून ठेवली की बदल मिनिटभरात होतो.

तिसरा प्रकार सरळ, हलक्या आर्मचा. हेडशेल नळीलाच जोडलेलं, काढता न येणारं. प्रो-जेक्टचे कार्बन फायबरचे आर्म, रेगाचे आर्म हे या घराण्यातले. रेगा प्लॅनर १ मध्ये मागचं वजन ठरलेल्या जागेपर्यंत सरकवलं की सोबतच्या कार्ट्रिजचा दाब जुळतो. मात्र दुसरं कार्ट्रिज लावलंत की ती खूण निरर्थक ठरते, मग दाब मोजायचा काटा हवाच.

जुन्या यंत्रांवर कधी कधी आणखी एक जात भेटते. मागच्या बाजूला चार पिना असलेलं, सरळ नळीत खुपसून एका आडव्या स्क्रूनं धरलेलं कार्ट्रिज. याला पी-माउंट म्हणतात. यात वजन ६ ग्रॅम आणि दाब १.२५ ग्रॅम असं प्रमाण ठरलेलं आहे, जुळणीचं काम जवळपास नाहीच. बाकी सगळीकडे दोन स्क्रूंची, एकमेकांपासून १२.७ मिलिमीटर अंतराची बैठक असते आणि स्क्रू २.५ मिलिमीटर जाडीचे लागतात.

सुईचं टोक

भिंगातून पाहिलं तर सुई म्हणजे कॅन्टिलिव्हर नावाच्या बारीक नळीच्या शेवटी बसवलेला हिऱ्याचा कण असतो. खाचेच्या तळाला तो टेकत नाही. इंग्रजी व्हीसारख्या खाचेच्या दोन उतारांवर, दोन बाजूंना, तो अधांतरी बसलेला असतो. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये आतला उतार डाव्या स्पीकरचा आणि बाहेरचा उजव्याचा. हे ध्यानात ठेवा, पुढे अँटी-स्केट लावताना उपयोगी पडेल.

कॉनिकल टोक गोल असतं. बसवणीतल्या चुका ते पोटात घालतं, पण आतल्या खाचांमध्ये तपशील गमावतं. एलिप्टिकल टोक बाजूंनी चपटं असतं, म्हणजे त्याची रुंदी ८ बाय १८ मायक्रॉन अशी दोन मापांत सांगतात. उताराला टेकणारी बाजू ८ मायक्रॉनची, त्यामुळे बारीक वळणं त्याला झेपतात. त्यापुढे शिबाटा, मायक्रोलाइन, लाइन कॉन्टॅक्ट ही टोकं येतात. यांचा खाचेशी संपर्क उभ्या रेषेत, लांबट असतो. दाब जास्त जागेवर वाटला गेल्यानं झीज कमी होते आणि बाजूचा शेवट कितीतरी स्वच्छ वाजतो. पण ही टोकं जुळणीच्या बाबतीत कडक आहेत. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की जास्तीच्या पैशांचा फायदा निघून जातो.

नवख्यानं एलिप्टिकलपासून सुरुवात करावी, आणि बॉडी अशी घ्यावी की पुढे फक्त सुई बदलून वरची पायरी गाठता येईल. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच बॉडीला कॉनिकल, एलिप्टिकल, मायक्रोलिनिअर, शिबाटा अशा सगळ्या सुया बसतात. ऑर्टोफॉन २एम रेडच्या बॉडीवर २एम ब्लूची सुई चढते. त्याच कंपनीच्या ओएम मालिकेतही सुया अदलाबदल होतात. जुळणी एकदा नीट केली की पुढे सुई ओढून काढायची, दुसरी सरकवायची. स्क्रूला हात लावायची गरज नाही. हा फायदा कागदावर छोटा दिसतो, प्रत्यक्षात फार मोठा आहे.

७८ आरपीएमच्या लाखेच्या रेकॉर्ड वाजवायच्या असतील तर एलपीची सुई कामाची नाही. त्या खाचा रुंद असतात, त्यांना सुमारे ७६ मायक्रॉनचं म्हणजे ३ मिलचं टोक लागतं. एलपीचं बारीक टोक तिथे तळातल्या धुळीत लोळतं आणि खरखर सोडून काही देत नाही. उलट ७८ ची जाड सुई एलपीवर टेकवली तर एलपीच्या खाचेचं नुकसान होतं.

मूव्हिंग कॉइल (ज्यात चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलतं अशा) कार्ट्रिजचा मोह या टप्प्यावर टाळा. डेनॉन डीएल-१०३ हे नाव आदरानं घ्यावं असंच आहे, पण त्याचा सिग्नल ०.३ मिलिव्होल्ट. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण ४ ते ५ मिलिव्होल्ट देतं. एवढ्या दुबळ्या सिग्नलला ६० डेसिबलच्या आसपास वाढ देणारा फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट, लागतं, आर्मही जड लागतो, आणि सुई झिजली की घरी बदलता येत नाही.

आर्म आणि कार्ट्रिजची जोडी

सुई रबरावर झुलते, आर्म तिच्या मागून ओझ्यासारखा येतो. स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी ही जोडी एका ठरावीक कंपनसंख्येला डोलायला लागते. ही संख्या ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडली पाहिजे. त्याखाली गेली तर वाकलेल्या रेकॉर्डचे हेलकावे आणि फरशीवरची पावलं आर्मला नाचवतात. वर गेली तर संगीतातल्या खालच्या सुरांना धक्का लागतो.

हिशेब सोपा आहे. आर्मचं इफेक्टिव्ह मास (सुईला जाणवणारं आर्मचं वजन), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये एकत्र करा. त्याला कार्ट्रिजच्या कम्प्लायन्सनं, म्हणजे सुईच्या रबराच्या लवचीकपणाच्या आकड्यानं, गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्यानं भागा. आलेलं उत्तर हर्ट्झमध्ये.

१२ ग्रॅम इफेक्टिव्ह मासचा एस आर्म धरू. २एम रेडचं वजन ७.२ ग्रॅम, स्क्रू ०.८ ग्रॅम, बेरीज २०. कम्प्लायन्स २०. गुणाकार ४००, वर्गमूळ २०, उत्तर ८ हर्ट्झ. चालेल, पण अगदी काठावर. हेच कार्ट्रिज ६ ग्रॅमच्या हलक्या आर्मवर लावलं की बेरीज १४ होते आणि उत्तर साडेनऊ हर्ट्झ येतं. म्हणजे २एम रेड हलक्या सरळ आर्मवर जास्त सुखात असतं.

इथे एक फसगत होते. जपानी कंपन्या कम्प्लायन्स १०० हर्ट्झला मोजून छापतात, आपल्याला हवा असतो १० हर्ट्झचा. छापलेल्या आकड्याला दीड ते दोननं गुणून अंदाज बांधायचा. एटी-व्हीएम९५ई वर ७ हा आकडा दिसतो. तो तसाच धरला तर १२ ग्रॅमच्या आर्मवर उत्तर १४ च्या जवळ येतं आणि माणूस बिचकतो. १.७ नं गुणून १२ धरा, १२ ग्रॅमच्या आर्ममध्ये कार्ट्रिजचे ६.१ आणि स्क्रूंचे ०.९ ग्रॅम मिळवा, उत्तर साडेदहा हर्ट्झ. मधोमध. स्टॅटिक कम्प्लायन्स म्हणून दिलेला मोठा आकडा मात्र या हिशेबात वापरू नका.

इफेक्टिव्ह मास म्हणजे आर्म काट्यावर ठेवून येणारं वजन नव्हे. धुरीपासून जितकं दूर तितकं वजन जास्त जाणवतं, त्यामुळे हेडशेलचा प्रत्येक ग्रॅम जवळपास पूर्ण मोजला जातो आणि काउंटरवेट जड असूनही कमी मोजलं जातं. यातूनच एक सोपी युक्ती निघते : उत्तर ८ च्या खाली आलं तर हेडशेल दोन-तीन ग्रॅमनं हलकं घ्या, १२ च्या वर गेलं तर जड घ्या किंवा कार्ट्रिज आणि हेडशेलच्या मध्ये पितळी पट्टी घाला.

फोनो स्टेज आणि केबल

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलोओहमचा भार लागतो, तो जवळपास सगळीकडे मिळतो. घोटाळा होतो कपॅसिटन्समध्ये, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेत. केबलची आणि फोनो स्टेजच्या आतली, दोन्हींची बेरीज कार्ट्रिजला दिसते. नुसती आर्मची तार आणि केबल मिळून १०० ते १५० पिकोफॅरड सहज होतात. व्हीएम९५ई ला एकूण १०० ते २०० हवेत. १५० असतील तर त्याचा विद्युत उंचवटा साडेसतरा किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐकण्याच्या टोकाला जातो. ३०० झाले की तोच उंचवटा साडेबारा किलोहर्ट्झला उतरतो, झांजा टोचायला लागतात आणि त्यावरचे सूर गळून पडतात. २एम रेडला १५० ते ३०० चालतात. तेव्हा ‘हे कार्ट्रिज फार कर्कश आहे’ असा निकाल देण्याआधी केबल आखूड करून बघा आणि फोनो स्टेजवर कपॅसिटन्सची बटणं असतील तर सगळ्यात कमी आकड्यावर ठेवा.

टर्नटेबलमध्येच फोनो स्टेज असेल तर मागचं फोनो-लाइन बटण तपासा. लाइनवर ठेवून अँप्लिफायरच्या फोनो खाचेत जोडलं तर सिग्नल दोनदा वाढतो आणि आवाज जाडाभरडा, फुटका येतो.

बसवायला घेण्याआधी

लागणारं सामान : ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा सुईचा काटा, बारीक टोकाचा चिमटा, छोटा स्क्रूड्रायव्हर, दहा पट भिंग, टॉर्च, लहान आरसा, पाणसळ आणि जुळणीचा प्रोट्रॅक्टर (बिंदू आणि रेघा छापलेला तक्ता). काटा चुंबकाला न चिकटणारा घ्या. कार्ट्रिजमधलं चुंबक लोखंडी तबकाकडे ओढलं गेलं तर आकडा खोटा येतो. पाणसळ प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या तबकडीवर, दोन दिशांना ठेवून यंत्र आधी सपाट करा. यंत्र तिरकं असेल तर पुढची प्रत्येक मोजणी तिरकी.

प्रोट्रॅक्टर छापून घेतलात तर त्यावरची १०० मिलिमीटरची रेघ पट्टीनं मोजा. प्रिंटर ‘पानात बसवा’ म्हणून गुपचूप दोन-तीन टक्के लहान छापतो, आणि मग सगळी मेहनत चुकीच्या बिंदूवर जाते. मधल्या खुंटीचं, म्हणजे स्पिंडलचं, भोकही घट्ट बसायला हवं.

तारा आणि स्क्रू

अँप्लिफायर बंद. सुईवर संरक्षक टोपी लावलेली, किंवा सुई काढता येत असेल तर ती काढूनच ठेवा. हेडशेलमधून चार तारा येतात : पांढरी डाव्या चॅनलची, निळी डाव्याचा परतीचा मार्ग, लाल उजव्याची, हिरवी उजव्याचा परतीचा मार्ग. कार्ट्रिजच्या पिनांवर तेच रंग असतात.

तार कधीही तारेला धरून ओढू नका. तिच्या टोकाची जी धातूची बारीक नळी आहे, तिच्या मानेला चिमट्यानं पकडा आणि पिनेवर सरळ रेषेत सरकवा. घट्ट जात असेल तर जोर लावायचा नाही. नळीत दात कोरायची काडी घालून हलकेच रुंद करा. सैल असेल तर काडी आत ठेवूनच चिमट्यानं बाहेरून किंचित आवळा, म्हणजे नळी चपटी होत नाही. पिनेवर सोल्डरिंग मुळीच करू नका, आतल्या केसापेक्षा बारीक तारेचा टाका उष्णतेनं सुटतो.

स्क्रू आत्ता फक्त बोटानं आवळा, कार्ट्रिज ढकललं तर सरकेल पण आपोआप हलणार नाही एवढंच.

समतोल आणि दाब

अँटी-स्केट शून्यावर. टोपी काढा. आर्म उचलणाऱ्या लिफ्टचा दांडा खाली घ्या आणि सुई रेकॉर्डच्या बाहेर, अधांतरी राहील असं आर्मला बोटानं सांभाळा. काउंटरवेट फिरवत जा. आर्म तराजूच्या दांडीसारखा आडवा तरंगला, वर गेला नाही की खाली झुकला नाही, की तिथे काउंटरवेटची पुढची आकड्यांची चकती शून्यावर आणा. चकती वेगळी फिरते, वजन जागचं हलू देऊ नका. आता वजन आणि चकती एकत्र फिरवून हवा तो आकडा लावा आणि काट्यावर खातरजमा करा. चकतीवरचा आकडा फक्त सुरुवातीसाठी, निर्णय काट्याचा. काट्याची बैठक रेकॉर्डच्या उंचीलाच हवी. फार उंच असेल तर आकडा थोडा बदलतो.

दाब किती? कंपनीनं दिलेल्या मर्यादेचा वरचा अर्धा भाग. व्हीएम९५ई साठी मर्यादा १.८ ते २.२ ग्रॅम, लावायचे २.० किंवा थोडे जास्त. २एम रेडसाठी १.६ ते २.०, कंपनीची शिफारस १.८. कमी दाबानं रेकॉर्ड कमी झिजते हा समज खोलवर रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. दाब कमी पडला की मोठ्या आवाजाच्या जागी सुई उताराची साथ सोडते, पुन्हा आपटते, आणि हिऱ्याचा प्रत्येक आपटा विनाइलवर कायमचा राहतो. ०.१ ग्रॅम जास्त दाबानं होणारी झीज याच्या तुलनेत नगण्य आहे.

जुळणी

रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत आत सरकतं, आपला आर्म मात्र धुरीभोवती कमान काढतो. त्यामुळे सुई खाचेशी अगदी स्पर्शरेषेत फक्त दोन ठिकाणी येऊ शकते. हे दोन बिंदू कुठे ठेवायचे याचं गणित लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये, बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये आणि स्टीव्हन्सन यांनी १९६६ मध्ये मांडलं. बेअरवाल्डच्या पद्धतीत बिंदू स्पिंडलपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, आणि सर्वसाधारण ऐकण्यासाठी हीच निवडावी. स्टीव्हन्सनमध्ये आतला बिंदू ६०.३ वर, म्हणजे अगदी शेवटच्या खाचेजवळ असतो. ज्यांच्या संग्रहात शेवटाला जोरकस होत जाणारी वाद्यवृंदाची रेकॉर्डिंग जास्त आहेत त्यांना ती रुचते. टेक्निक्सच्या आर्मवर कंपनीची स्वतःची सोपी पद्धत आहे : हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर. तीही स्टीव्हन्सनच्या जवळ जाते.

आता खरं काम, आणि इथे घाई करू नये. प्लॅटर हातानं धरून ठेवा. बाहेरच्या बिंदूवर सुई अलगद टेकवा. टॉर्च बाजूनं धरा आणि डोळा कार्ट्रिजच्या समोर, थेट पातळीवर आणा. कार्ट्रिजची कड नव्हे, कॅन्टिलिव्हर बघायचा. कितीतरी कार्ट्रिजमध्ये तो बॉडीच्या मानानं जरा तिरका चिकटवलेला असतो. कॅन्टिलिव्हर प्रोट्रॅक्टरवरच्या रेघेत आला पाहिजे. नसेल तर सुई उचलून कार्ट्रिज थोडं वळवा. सुई टेकलेली असताना कार्ट्रिज कधीही हलवू नका, कॅन्टिलिव्हर वाकतो.

बाहेर जुळलं की आतल्या बिंदूवर या. तिथे कार्ट्रिजचं नाक स्पिंडलकडे जास्त वळलेलं दिसलं, तर कार्ट्रिज हेडशेलमध्ये किंचित पुढे सरकवा. नाक बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसलं, तर मागे घ्या. परत बाहेरच्या बिंदूवर जाऊन वळण जुळवा, परत आत. तीन-चार फेऱ्यांत दोन्ही जागा जुळतात. सरकवण्याचं माप अर्ध्या मिलिमीटरचंच ठेवा. १ मिलिमीटरच्या चुकीनं आतल्या बिंदूवर साधारण ०.८ अंशाचा फरक पडतो, आणि आवाज फाटायला तेवढा पुरतो.

मग स्क्रू आवळा, डावा थोडा, उजवा थोडा, आलटून पालटून. एकच स्क्रू शेवटपर्यंत आवळला तर कार्ट्रिज त्याच्याभोवती फिरतं आणि जुळणी हातची जाते. प्लॅस्टिकच्या बॉडीवर जास्त जोर लावला तर भोकाचे आटे निघतात. आवळून झाल्यावर दोन्ही बिंदू पुन्हा पाहा आणि दाब पुन्हा मोजा. कार्ट्रिज पुढेमागे सरकलं की दाब बदललेला असतोच.

उंची आणि उभेपणा

सुई वाजत्या रेकॉर्डवर असताना आर्मची नळी रेकॉर्डला समांतर दिसली की उंची पुरेशी बरोबर. मागे रेघांचं कार्ड उभं धरलं तर चटकन कळतं. याबाबत खूप बाऊ केला जातो. ९ इंची आर्ममध्ये सुईचा कोन एका अंशानं बदलायला आर्मचा खांब तब्बल ४ मिलिमीटर हलवावा लागतो. म्हणजे १ मिलिमीटर जाड मॅटनं फरक पडतो पाव अंशाचा. खांब हलत नसेल आणि नवं कार्ट्रिज ठेंगणं किंवा उंच असेल, तर मॅट बदला किंवा हेडशेलमध्ये पट्टी घाला; २ मिलिमीटरच्या आतल्या फरकासाठी झोप घालवू नका.

कार्ट्रिजचा उभेपणा, ज्याला अझिमथ म्हणतात, आरशावर तपासतात. थांबलेल्या प्लॅटरवर आरसा ठेवा, सुई टेकवा, समोरून बघा. खरी सुई आणि प्रतिबिंब मिळून एक सरळ उभी रेघ दिसली पाहिजे. मोडकी रेघ दिसली तर एस आर्ममध्ये हेडशेलची कडी सैल करून ते केसभर फिरवा. तिरकी सुई एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात मिसळते, गायक मधोमध उभा न राहता पसरतो.

अँटी-स्केट

फिरती रेकॉर्ड आर्मला आत ओढते. त्यामुळे सुई आतल्या उतारावर, म्हणजे डाव्या चॅनलवर, जास्त भार टाकते आणि उजव्या उताराची पकड ढिली होते. अँटी-स्केट आर्मला तेवढंच बाहेर खेचतो. चकतीवर दाबाएवढाच आकडा लावून सुरुवात करा. दोऱ्याला टांगलेलं वजन असेल तर पुस्तिकेत दाबासमोर दिलेल्या खाचेत दोरा अडकवा.

मग एखाद्या बाजूच्या शेवटच्या तृतीयांशातली जोरकस गायकीची जागा हेडफोनवर ऐका. आधी उजवीकडून खरखर येत असेल तर अँटी-स्केट वाढवा, डावीकडून येत असेल तर कमी करा. दोन्हीकडून एकदम येत असेल तर दोष अँटी-स्केटचा नाही, दाब किंवा जुळणी तपासा. खाचा नसलेल्या कोऱ्या चकतीवर आर्म स्थिर राहीपर्यंत फिरवत बसायची जुनी रीत भरवशाची नाही. तिथे सुई उतारांवर नाही तर टोकावर टेकलेली असते, घर्षणच वेगळं.

काय बिघडतं आणि का

घूं असा सतत आवाज येत असेल तर आधी जमिनीची म्हणजे ग्राउंडची तार अँप्लिफायरला लावली आहे का बघा. लावली असूनही घूं येत असेल आणि हेडशेलला बोट लावल्यावर वाढत असेल, तर हिरव्या-निळ्या तारांपैकी एक सैल आहे. एकच बाजू वाजत असेल तर हेडशेलच्या मागच्या चार पिना कोरड्या सुती कापडानं पुसा, एस आर्ममध्ये निम्म्या वेळा दोष तिथेच असतो. आवाज पोकळ, गायक कुठेच नाही असा वाटत असेल, तर एका चॅनलच्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत.

गाणं नसताना स्पीकरचे मोठे पडदे आतबाहेर धापा टाकत असतील, तर ८ ते १२ हर्ट्झचा हिशेब परत करा आणि फोनो स्टेजला सबसॉनिक गाळणी असेल तर लावा. सुई उड्या मारत एकाच दिशेला पळत असेल तर दाब काट्यावर मोजून आणि अँटी-स्केट चकतीवर, दोन्ही नव्यानं लावा. एकाच रेकॉर्डवर एकाच जागी अडकत असेल तर दोष रेकॉर्डचा, सेटिंगला हात लावू नका. आणि सगळं जुळवूनही फक्त जुन्या रेकॉर्डचे शेवट चिरकत असतील, तर एखादी नवी, स्वच्छ रेकॉर्ड लावून पडताळा. आधीच्या बोथट सुईनं खरवडलेली खाच कुठलंही कार्ट्रिज भरून काढत नाही.

त्यानंतर

सुई पुसताना ब्रश नेहमी मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड जशी सरकते त्याच दिशेनं. पुढून मागे ढकललात तर कॅन्टिलिव्हर दुमडतो, आडवा फिरवलात तर निखळतो. प्रत्येक बाजू लावण्याआधी एक हलका हात पुरे.

कॉनिकल आणि एलिप्टिकल सुया काही शंभर तास नीट चालतात, मायक्रोलाइन जातीच्या साधारण हजारपर्यंत जातात. एका बाजूचे वीस मिनिटं धरून तासांची नोंद वहीत ठेवा, कारण झीज इतकी हळू होते की कानाला सवय होऊन जाते. वापरलेलं कार्ट्रिज घेत असाल तर सुईचे तास विचारून भागत नाही. न वापरता कपाटात पडून राहिलेल्या सुईचं रबरही कडक होतं. बॉडी जुनी चालेल, सुई नवी घ्या.

नव्या सुईचं रबर पहिल्या २०–३० तासांत थोडं सैलावतं. त्यानंतर एकदा दाब मोजा, कॅन्टिलिव्हर दोन्ही बिंदूंवर बघा आणि हेडशेलचे दोन्ही स्क्रू ढिले झालेले नाहीत ना, ते हलक्या हातानं तपासा.